लिक्नियन मंडळाचा मानद सभासद

“पंप मागच्या अंगणात आहे, काका. गाडी तिकडूनच घ्या,” पायरीवरचा उंच पोरगा म्हणाला आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागला.

आमोस लॅथ्रपने लगाम ओढला. घोडी थांबली. पायऱ्यांवर चौघं विद्यार्थी उभे होते. अंगात काळे कोट, छातीवर पांढऱ्या फिती आणि जूनच्या उन्हात घामाने निथळणारे चेहरे. त्यांच्या पाठीमागे ब्रॅमवेल कॉलेजची विटांची इमारत होती, आणि तिच्याही मागून पंपाच्या दांड्याचा कोरडा खरखराट ऐकू येत होता. कोणीतरी जीव तोडून दांडा मारत होतं आणि पाणी काही येत नव्हतं. आमोसला न बघताच कळलं, वायसर गेलाय. चामडं वाळून चिरलंय. पाव तासाचं काम.

“मी पंपासाठी आलो नाही,” तो म्हणाला.

“गाडीवर तर तसंच लिहिलंय,” एक बुटका विद्यार्थी हसत म्हणाला.

लिहिलं होतं खरं. ‘आमोस लॅथ्रप. विहिरी व पंप. मिलबर्ग.’ आदल्या दिवशी त्याने गाडी तीनदा धुतली होती, पहारी, दोर, रहाट सगळं उतरवून कोठारात ठेवलं होतं. पाटी मात्र काढली नव्हती. स्वतःचं नाव कशाला उतरवायचं, असं त्याला वाटलं.

“हे बघा, आम्ही एका मोठ्या माणसाची वाट बघतोय,” उंच पोरगा आता जरा चिडून म्हणाला. “त्यांची बग्गी येईल. फाटक मोकळं ठेवा.”

“कोण मोठा माणूस?”

“जज आमोस लॅथ्रप.”

हे नाव उच्चारल्यावर त्याचं त्यालाच काहीतरी जाणवलं असावं, कारण त्याची नजर हळूहळू गाडीच्या पाटीवर गेली. आमोस खाली उतरला. रविवारच्या कोटाच्या आतल्या खिशातून त्याने एक पाकीट काढलं. उघडून उघडून त्याच्या घड्या मऊ झाल्या होत्या.

“जज नाही,” तो म्हणाला. “नुसता आमोस लॅथ्रप. तुमचा मानद सभासद.”

उंच पोराचं नाव ह्यू कॅल्डर. तो मंडळाचा पत्रव्यवहार सांभाळणारा चिटणीस होता. पाकिटावरचं वळणदार अक्षर त्याचं स्वतःचं होतं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

त्या काळी कॉलेजांमधून अशा पत्रांची साथच होती म्हणा ना. वाद-विवाद करायचे, निबंध वाचायचे, स्वतःचा ग्रंथसंग्रह करायचा, यासाठी पोरांनी मंडळं काढलेली. ब्रॅमवेलमध्ये दोन होती, लिक्नियन आणि अ‍ॅटिक. दोघांमधून विस्तव जात नसे. अ‍ॅटिकने एखाद्या सेनापतीला पत्राने मानद सभासद करून घेतलं की लिक्नियनवाल्यांनी दोन सिनेटर गाठलेच पाहिजेत. बहुतेक मोठी माणसं उत्तरही देत नसत. दिलं तर दोन ओळी, त्याही कारकुनाच्या हातच्या. पण नाव वहीत चढायचं, आणि एकदा चढलं की मिरवायला पोरं मोकळी.

त्या वर्षी कॅल्डरने एकाच दुपारी बावीस पत्रं लिहिली. हात दुखायला लागल्यावर त्याने पत्त्यात जिल्ह्याचं नाव घालणं सोडून दिलं. ओहायोत मिलबर्ग दोन आहेत. एक नदीकाठचं मोठं, जिथे जजसाहेब राहतात. दुसऱ्यात एक गिरणी, एक चर्च आणि टपालही सांभाळणारं एक दुकान.

“ऑनरेबल!” नावाआधीची मानाची पदवी वाचत दुकानदाराने मार्च महिन्यात ते पाकीट आमोसच्या पुढ्यात टाकलं होतं. “कधीपासून रे बाबा?”

आमोसने ते घरी नेऊन दिव्याशी धरून वाचलं. मग बायकोला वाचून दाखवलं. ड्रुसिलाने मक्याची भाकरी उलटता उलटता सगळं ऐकून घेतलं.

“लिक्नियन म्हणजे काय?”

“दिव्याचे. ग्रीक आहे ते. घटनेच्या पहिल्या पानावर लिहिलंय.” पत्रासोबत मंडळाच्या घटनेची छापील पुस्तिका आली होती.

“आणि दिव्याच्या लोकांनी तुला कुठे शोधलं, मिस्टर लॅथ्रप?” नवऱ्याची थट्टा करायची असली की ती त्याला असं आडनावाने हाक मारी. “विहिरीच्या तळाशी?”

आमोस हसला नाही. एकोणपन्नास वर्षांच्या आयुष्यात लोकांनी त्याला बोलावलं होतं ते फक्त पाण्यासाठी. शाळा तीन हिवाळे, तीही बर्फ पडला तर चुकलेली. पण वाचायचा नाद होता. पाद्रीबुवांच्या कपाटातलं एकूण एक पुस्तक त्याने वाचून परत केलं होतं, आणि त्याविषयी बोलायला त्याला घोडीशिवाय कोणी नव्हतं. आता चाळीस शिकलेली माणसं एका खोलीत बसली होती आणि त्यांनी मतं टाकून त्याला आपल्यात घेतलं होतं. त्या रात्री तो झोपला नाही, हे ड्रुसिलाने दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला सांगितलं.

उत्तर लिहायला त्याला आठ दिवस लागले. ‘गृहस्थहो,’ त्याने लिहिलं, ‘तुमचं पत्र पोचलं. मला का निवडलंत ते समजत नाही, पण तुम्ही विचार करूनच निवडलं असणार. मी शिकलेला नाही. आयुष्यभर विहिरी खणत आलो. कित्येकदा वाटलं की पाणी नाहीच, तरी आणखी दोन हात खाली गेलो, आणि बहुतेक वेळा ते लागलं. मान स्वीकारतो. बोलावलंत तर येईन.’

एप्रिलमध्ये मंडळाचं दुसरं पत्र आलं. जजसाहेबांचं उत्तर सभेत मोठ्याने वाचलं गेलं, सर्वांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि ते शब्दशः इतिवृत्तात उतरवून घ्यावं असा ठराव झाला. विहिरीचं रूपक शेवटपर्यंत किती सुंदर सांभाळलंय, असंही त्यात लिहिलं होतं. जून महिन्यातल्या वार्षिक सभेला त्यांनी अवश्य यावं. ज्या पोरांना सकाळ-संध्याकाळ अलंकारच शिकवले जातात त्यांना विहीर म्हटल्यावर विहीर सोडून बाकी सगळं दिसणार, त्याला कोण काय करील?

‘जजसाहेबांचं’ हा शब्द आमोसने पुन्हा पुन्हा वाचला. मग तो बाहेर जाऊन बराच वेळ लाकडं फोडत बसला.

“दुसराच कोणीतरी आहे ना तो?” ड्रुसिलाने मागून येऊन विचारलं. या वेळी तिने थट्टा केली नाही.

“असेल.”

“कळवणार?”

“मी सगळं खरं लिहिलं होतं, ड्रुसिला. विहिरी खणतो म्हणून लिहिलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या त्या माझ्या पत्राला. जजने कुठे काय लिहिलं?”

 दुसऱ्या दिवशी तिने त्याचा रविवारचा कोट उसवून कॉलर उलटी करून शिवायला घेतली.

मग तो तयारीला लागला. घटना तोंडपाठ केली. कलम चार, मानद सभासदाला सभेत बोलण्याचा हक्क आहे, मताचा नाही. कलम नऊ, सभासदाचं नाव कसं काढता येतं. कलम अकरा त्याने बायकोलाही वाचून दाखवलं. सभेच्या शेवटी समीक्षक उठतो आणि त्या दिवशी बोललेल्या प्रत्येक सभासदाचे दोष सगळ्यांसमोर सांगतो. उभा कसा राहिला, काय चुकला, कुठे अडखळला. स्तुती करायची नाही. पाहुण्यांविषयी समीक्षक काही बोलत नाही, पाहुण्यांना फक्त टाळ्या.

“म्हणजे सभासदाला शिव्या आणि पाहुण्याला टाळ्या?” ड्रुसिला म्हणाली. “मग पाहुणा म्हणूनच जा की.”

वार्षिक सभेचा विषय पत्रात दिलेला होता, ‘नेपोलियनला सेंट हेलेना बेटावर धाडणं न्यायाचं होतं काय?’ आमोसने पाद्रीबुवांकडून नेपोलियनचं चरित्र आणलं आणि भाषणाचा सराव चालू केला, तोही विहिरीत. तीस हात खाली आवाज असा काही घुमायचा की त्याला स्वतःचाच अभिमान वाटायचा. वर रहाटाशी उभा असलेला शेतकरी दचकून आत वाकायचा, कारण खालून आवाज यायचा, “अध्यक्षमहाराज!”

निघायच्या सकाळी ड्रुसिलाने त्याच्या कोटावरून हात फिरवला.

“हात तेवढे खिशात ठेव,” ती म्हणाली. “त्या पोरांच्या डोळ्यांत नको भरायला.”

आमोसच्या डाव्या हाताची दोन बोटं नव्हती.

“चूक झाली, मिस्टर लॅथ्रप. आमची. आम्ही मनापासून दिलगीर आहोत.”

मंडळाच्या पुस्तकांच्या खोलीत दार लावून घेऊन थिओडोर व्हिपल बोलत होता. तो अध्यक्ष. वय एकवीस, पण उद्याच गव्हर्नर व्हायचं असल्यासारखी चाल. कॅल्डर दाराशी मान खाली घालून उभा होता. खिडकीत एक तिसरा बसला होता. कोटाच्या बाह्या आखूड आणि मनगटं हाडकुळी. तो चाकूने पेन्सिलीला टोक काढत होता. हा जोएल स्टिकनी, मंडळाचा समीक्षक. लोकांची लाकडं फोडून तो कॉलेजात शिकत होता आणि त्याच्या जिभेला अख्खं मंडळ टरकून असायचं.

“हॉलमध्ये दोनशे लोक आहेत,” व्हिपल म्हणाला. “जुने सभासद आलेत. अ‍ॅटिकवालेही आलेत, मुद्दाम जज बघायला. आमची परिस्थिती समजून घ्या. तुम्ही पाहुणे म्हणून पुढच्या खुर्चीवर बसा. मखमली खुर्ची आहे. मी चार शब्द बोलतो, टाळ्या होतात, मग सगळे जेवायला. फक्त ते पत्र तेवढं परत द्या.”

“पत्र माझं आहे. टपालाने माझ्या घरी आलं.”

“पण ते तुमच्यासाठी नव्हतं!”

“ठाऊक आहे मला.”

व्हिपल थबकला. “ठाऊक आहे?”

“एप्रिलपासून.” आमोसचे हात खिशात होते, तिथेच त्याच्या मुठी वळल्या. “पहिलं आलं तेव्हा वाटलं, माझंच. म्हणून मी कोण, काय करतो, ते सगळं उत्तरात लिहिलं. ताकाला जाऊन भांडं लपवणारा मी नाही. तुम्ही ते सगळ्यांसमोर वाचलंत, वाहवा केलीत, वहीत उतरवून घेतलंत. जजचं होतं तोवर चांगलं होतं, आणि विहीरवाल्याचं निघाल्यावर वाईट झालं होय रे पोरांनो?”

“नाही,” कॅल्डर दाराशी पुटपुटला.

“तू गप्प बस,” व्हिपल म्हणाला. “हे सगळं तुझ्यामुळेच झालंय. मिस्टर लॅथ्रप, मंडळ तुमचं नाव काढून टाकू शकतं, हे लक्षात ठेवा.”

“शकतं की. कलम नऊ. लेखी आरोप, आठ दिवसांची नोटीस आणि दोन तृतीयांश मतं. आरोप काय लिहिणार? ‘हा माणूस विहिरी खणतो’? लिहा. खाली सही करा. मी पुढच्या शुक्रवारी परत येईन ऐकायला. सव्वीस मैल आहे, घोडीला आता रस्ता माहीत झालाय.”

खिडकीतून नाकातल्या नाकात हसल्याचा आवाज आला.

“तुला काय झालं हसायला, स्टिकनी?” व्हिपल तडकला. “तू तरी सांग यांना.”

“मी बोलणाऱ्यांचे दोष काढतो,” स्टिकनी पेन्सिलीच्या टोकावर फुंकर मारत म्हणाला. “हे अजून बोलले कुठे आहेत?”

व्हिपलने कपाळावरचा घाम पुसला. तो वाईट मुलगा नव्हता. वर्षभर त्याने या दिवसाची तयारी केली होती, आणि आता संध्याकाळपर्यंत सगळ्या गावात अ‍ॅटिकवाले ‘लिक्नियनांचा जज’ म्हणून खिदळणार, हे त्याला दिसत होतं. निदान काहीतरी हाती लागावं म्हणून तो म्हणाला, “बरं, आता आलाच आहात तर जरा आमचा पंप तरी बघता का? चार दिवस झाले बंद आहे. तोवर इकडे सभा—”

त्याने वाक्य पुरं केलं नाही, कारण आमोसच्या चेहऱ्याकडे बघून ते पुरं करणं बरं नव्हे हे त्यालाही कळलं.

“उद्या सकाळी बघेन,” आमोस शांतपणे म्हणाला. “फुकट बघेन. वायसर गेलाय, तो मी माझ्या गाठचा घालेन. पण आज नाही. आज मी पंपवाला म्हणून आलेलो नाही.”

आणि तो दार उघडून हॉलकडे चालू लागला.

हॉलमध्ये खाली लाल गालिचा होता. एवढ्या जाड कापडावर बूट घालून चालायचं त्याच्या जिवावर आलं. भिंतीवर तसबिरी, समोर व्यासपीठ, आणि व्यासपीठाशेजारी ती मखमली खुर्ची. आमोस तिच्यावरून पुढे गेला आणि सभासदांच्या तिसऱ्या बाकावर जाऊन बसला. शेजारच्या पोराने सरकून जागा दिली. उजव्या बाजूच्या अ‍ॅटिकवाल्यांत कुजबुज पसरली. बातमी त्याच्या आधीच हॉलमध्ये पोचली होती.

वादाला तोंड फुटलं. चौघे बोलले. पहिल्याने रोमपासून सुरुवात केली आणि नेपोलियनपर्यंत तो पोचलाच नाही. दुसरा इतका जोरात ओरडला की मागच्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने कानावर हात ठेवला. इंग्लंडने केलं तेच योग्य, तो माणूस मोकळा सोडण्याजोगा नव्हताच, असं तिसऱ्या-चौथ्याचं म्हणणं. आमोस एकेक शब्द कान देऊन ऐकत होता. इतकं सुख त्याला कित्येक वर्षांत झालं नव्हतं. ज्या गोष्टींचा तो एकट्याने विचार करायचा त्या गोष्टींवर इथे माणसं एकमेकांशी भांडत होती.

चौथा खाली बसल्यावर तो उठला.

“अध्यक्षमहाराज.”

व्हिपल समोरच्या कागदांत काहीतरी शोधू लागला.

“अध्यक्षमहाराज,” आमोस पुन्हा म्हणाला. अ‍ॅटिकच्या बाकांवरून कोणीतरी पंपाला पाणी येतं तसा गुळगुळ आवाज काढला आणि हशा पिकला. आमोस उभाच राहिला. बसायचं असतं तर तो सव्वीस मैल आला नसता.

मग व्यासपीठाच्या कोपऱ्यातल्या टेबलापाशी खुर्ची सरकली. ह्यू कॅल्डर सभासदांच्या पटाची वही हातात घेऊन उभा राहिला. त्याचे कान लालबुंद झाले होते. “मानद सभासद आमोस लॅथ्रप, मिलबर्ग,” त्याने वहीतून वाचलं. “कलम चारप्रमाणे यांना बोलण्याचा हक्क आहे. पत्र मी लिहिलं होतं. पत्ताही मीच घातला होता.” आणि तो खाली बसला.

व्हिपलने मान हलवली. ती हो की नाही हे कोणालाच नीट कळलं नाही. आमोसने ते हो धरलं.

विहिरीत पाठ केलेलं सगळं भाषण त्याच क्षणी डोक्यातून उडून गेलं. हात खिशात घालून तो तसाच उभा राहिला.

“मला माफ करा,” तो म्हणाला, “मला बोलायची सवय नाही.” मग पुन्हा एकदा म्हणाला, “माफ करा.” मागून कोणीतरी “मोठ्याने!” म्हणून ओरडलं.

“सात वर्षांपूर्वी एका शेतावर विहीर खणत होतो. पंचवीस हात खाली. एका बाजूची माती ढासळली आणि मी छातीपर्यंत गाडला गेलो. वर दोर धरून शेतकरी आणि त्याचा मेहुणा. त्यांचा वाद सुरू झाला. शेतकरी म्हणे, याला कालच सांगितलं होतं दगड लावून घे म्हणून. मेहुणा म्हणे, तू दगडच आणले नाहीस. दोघांचंही खरं होतं. मी खालून सगळं ऐकत होतो. चूक कोणाची, ते चांगलं समजावून सांगत होते एकमेकांना. आत वाकून बघत मात्र कोणी नव्हतं.”

आमोसने व्यासपीठाकडे पाहिलं.

“नेपोलियन चांगला होता असं मी म्हणत नाही. लाखो पोरं मेली त्याच्यापायी. डांबायचं तर डांबा. पण माणसाला खाली सोडायचं, आणि मग सहा वर्षं वर उभं राहून आपलंच कसं बरोबर होतं ते एकमेकांना सांगत बसायचं, याला मी न्याय म्हणणार नाही. दोर ज्याच्या हातात असतो त्याने आत वाकून बघायला पाहिजे. खाली कोण आहे ते. आपल्याला जो वाटला होता तोच आहे की दुसरा कोणी आहे, ते नीट बघायला पाहिजे. घाबरतात लोक बघायला. बस, एवढंच.”

त्या विहिरीतून वर काढताना दोर आणि खडक यांच्यामध्ये दोन बोटं गेली, हे त्याने सांगितलं नाही.

टाळ्या झाल्या, चांगल्या दणकून झाल्या. पण आमोस त्या टाळ्या ओळखून होता. शेजाऱ्यांच्या लहान मुलाने न चुकता कविता म्हटली की मोठी माणसं अशाच टाळ्या वाजवतात. मागचा म्हातारा गृहस्थ तर कौतुकाने डोकं हलवत होता.

व्हिपलच्या चेहऱ्यावर मोठी सुटका दिसली. तो उभा राहिला. “आपल्या पाहुण्यांनी जे साधे, सरळ विचार मांडले त्याबद्दल मंडळ त्यांचं आभारी आहे—”

“मी पाहुणा नाही,” आमोस म्हणाला.

टाळ्या विरल्या. “तुम्ही टाळ्या वाजवल्यात, उपकार झाले. पण मी पाहुणा नाही,” तो पुन्हा म्हणाला आणि खाली बसला.  आता हसतील, असं त्याला वाटलं. थोडे हसलेही.

व्हिपलने घाईघाईने हातोडी आपटली. “पुढचं काम. समीक्षकाचा अहवाल.”

स्टिकनी व्यासपीठावर गेला. हातात एकच कागद. पोरं बाकांवर ताठ बसली, कारण आता कोणाची चामडी सोलली जाणार ते सांगता येत नव्हतं. पहिल्या वक्त्याला त्याने सांगितलं की रोमहून पायी निघालेला माणूसही एवढ्या वेळात पॅरिसला पोचला असता. दुसऱ्याने मुद्द्याच्या जागी फुप्फुसं वापरली. तिसऱ्याने बोलताना कोटाचं बटण पिळून पिळून तोडलं, ते गालिच्यावर पडलंय, त्याने ते उचलून न्यावं. चौथ्याचं भाषण चांगलं होतं, विशेषतः दोन वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये ते दुसऱ्याने केलं तेव्हा. हॉल हसून हसून लोळत होता आणि ते चौघे पोरगे जमिनीत शिरायला जागा शोधत होते.

मग स्टिकनीने कागदाची घडी घातली.

आमोस त्या घडीकडे बघत राहिला. असंच होणार होतं, त्याने मनाशी म्हटलं. घरी जाऊन ड्रुसिलाला सांगता येईल की टाळ्या पडल्या. खोटं नाही ते. तरी त्याला वाटलं होतं, त्या खिडकीत बसलेल्या पोराने निदान... पण त्या पोरालाही इथेच राहायचं होतं, शिकायचं होतं. त्याचा काय दोष?

स्टिकनीने घडी घातलेला कागद उलटा केला. मागेही लिहिलेलं होतं.

“शेवटचे वक्ते, मिस्टर लॅथ्रप,” तो म्हणाला.

“मिस्टर स्टिकनी,” व्हिपल अर्धवट उठला, “पाहुण्यांविषयी समीक्षक—”

“पाहुण्यांविषयी समीक्षक बोलत नाही, अध्यक्षमहाराज. मला माहीत आहे. मी सभासदाविषयी बोलतोय.” त्याने व्हिपलकडे वळूनही पाहिलं नाही. “मिस्टर लॅथ्रप. एक, सुरुवातीला दोनदा माफी मागितली. कशाबद्दल ते सांगितलं नाही. दोन, तो माणूस सुटला तर पुन्हा युद्ध पेटेल, या विरुद्ध बाजूच्या सगळ्यात बळकट मुद्द्याला त्यांनी हातच लावला नाही, नुसता ओलांडून पुढे गेले. तीन, शेवट न करताच थांबले. ‘बस, एवढंच’ हा भाषणाचा शेवट नव्हे. चार, सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोन्ही हात खिशात. माणसाने काय लपवलंय याचा विचार करण्यात ऐकणाऱ्याचं अर्धं लक्ष जातं. पाच, आवाज. शेवटच्या दोन बाकांपर्यंत पोचला नाही. पुढच्या वेळी सुधारणा व्हावी.”

एवढं बोलून तो जागेवर जाऊन बसला. चांगला शब्द त्याने एकही काढला नाही. हॉलमध्ये कोणी हसलं नाही. शेजारच्या पोराने मात्र आमोसच्या कोपराला कोपर लावलं. नुकताच मार खाल्लेल्या भावाला दुसरा भाऊ लावतो तसं, आणि हळूच म्हणाला, “माझे गेल्या वेळी नऊ काढले होते.”

 पुढच्या वेळी, असं म्हणाला होता तो समीक्षक पोरगा. आमोसने कोटातून ते मऊ पडलेलं पाकीट काढलं, त्याच्या पाठीवर आपल्या चपट्या पेन्सिलीने एकाखाली एक पाचही दोष लिहून घेतले आणि ते परत आत ठेवलं. दोष वाचून झाले की सभासदाने उभं राहून एका शब्दात उत्तर द्यायचं, असा रिवाज होता. बाकीचे चौघे ते बसल्या बसल्याच पुटपुटले होते.

तो उभा राहिला. त्याने दोन्ही हात खिशातून बाहेर काढले आणि पुढच्या बाकाच्या पाठीवर ठेवले, आठही बोटं सगळ्यांना दिसतील असे.

“मान्य,” तो म्हणाला. या वेळी ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.